ती मिठी नव्हती

मी एक जुनी काचेची पेटी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी चिडलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुतेक वेळा उसासे टाकतात, गेलेले दिवस आठवून हळव्या होतात. मीही थोडीफार होईन म्हणा. पण माझ्या पोटात जे घडलं ते आठवलं की उसाशाऐवजी माझी मागची सरकती दारं खडखडतात. ऐकणार असाल तर तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म जावा बेटावरच्या सालातिगा गावचा. सुताराने फणसाच्या लाकडाची चौकट केली, तीन बाजूंना काच बसवली, मागे दोन सरकती दारं लावली आणि आत दोन फळ्या ठोकल्या. तुमिनी नावाच्या बाईच्या टपरीसाठी मला बनवलं होतं. तिला सगळं गाव इबू म्हणे, म्हणजे आई, तेव्हा मीही तेच म्हणते. पिठात बुडवून तळलेल्या तेम्पेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, चकत्या, भाजी भरलेला टोफू, तळलेली केळी, सगळं कढईतून निघालं की माझ्या फळ्यांवर यायचं. इबू मला रोज सकाळी जुन्या वर्तमानपत्राने इतकं लख्ख पुसायची की नवं गिऱ्हाईक सरळ आत हात घालायला जाई आणि काचेवर बोटं आपटून घेई. लोक हसत. मला भारी अभिमान वाटे.

इबूचा नवरा लवकर गेला होता. पालुपी नावाची एकच मुलगी, तिला टपरीच्या जिवावर वाढवलं. इबू मनाने फार चांगली, पण तिची एक खोड होती. एकटा माणूस तिला बघवत नसे. कोणी एकटाच बाकावर चहा पीत बसलेला दिसला की ती दुसऱ्या कोणाला तरी आणून त्याच्या शेजारी बसवायची आणि म्हणायची, "घ्या, आता बोला." बिचारा ट्रकवाला घटकाभर डोकं शांत करायला आलेला असायचा, आणि त्याला गावातल्या म्हाताऱ्याच्या मूळव्याधीची हकिकत ऐकावी लागायची. तो उठून गेला की इबू समाधानाने म्हणे, "बघ, किती बरं वाटलं त्याला."

पुढे इबूचे गुडघे धरले. तासन् तास कढईसमोर उभं राहणं जमेना. टपरी बंद झाली आणि मला घराच्या मागच्या पडवीत कसाव्याच्या कंदांच्या पोत्यांशेजारी ठेवून दिलं. काचेवर धूळ चढली, एका फळीवर कोंबडीने बस्तान मांडलं. ज्या काचेवर लोक बोटं आपटत होते तिच्यातून आता पलीकडचं दिसेना. कोणी माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. त्या दिवसांबद्दल जास्त बोलत नाही, कारण नंतरचे दिवस आठवले की तेच बरे होते असं वाटतं.

मग एके दिवशी पालुपीने कोंबडीला हुसकून लावलं. पालुपी तेव्हा शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात कामाला लागली होती. तिने मला धुतलं, पुसलं, फळ्या काढून टाकल्या आणि माझ्या लाकडात हवेसाठी भोकं पाडली. दुखलं, पण कोणीतरी हात लावला याचाच आनंद मोठा होता. तिने एका कोपऱ्यात वरून उबेसाठी दिवा टांगला, त्याच्या खाली एक सपाट दगड ठेवला, दुसऱ्या टोकाला तोंड फुटलेलं मडकं उपडं घातलं आणि पाण्याची जड वाटी ठेवली. मला वाटलं, मासे बिसे असतील. तिने कापडी पिशवीचं तोंड सोडलं आणि आतून साप निघाला.

इबू जी किंचाळली ती तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेली.

साप कसला, छोट्या जातीचा अजगर होता तो. तपकिरी अंगावर काळे पट्टे, स्वभावाने इतका भित्रा की कोणी जोरात शिंकलं तरी डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा व्हायचा. आमच्याकडे तांदळाच्या पिठाचे गोल लाडू करतात, आत गूळ भरलेले. त्यांना क्लेपोन म्हणतात. पालुपीने त्याचं नाव क्लेपोनच ठेवलं. "एवढी मुलांची नावं पडली आहेत जगात, आणि हिने सापाला खाऊचं नाव दिलं," इबू म्हणाली. पण आठवडाभरात तीच खिडकीतून विचारू लागली, "काय गं, तुझा तो लाडू जेवला का?"

क्लेपोन माझ्याकडे आला तेव्हा शाळेच्या पट्टीएवढा होता. माझ्याकडेच तो वाढला. थंडी वाटली की दगडावर यायचा, ऊब पुरली की मडक्यात शिरायचा, ठरल्या दिवशी उंदीर खायचा आणि मग खाल्लेलं जिरेपर्यंत कोणाशी संबंध ठेवायचा नाही. साप आनंदी असतो का हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्याचं नीट चाललं होतं. कात उतरायची ती अखंड, मोज्यासारखी. पालुपी ती उजेडात धरून बघायची आणि हसायची. त्या दिवसांत माझ्याबद्दल कोणाचंच काही म्हणणं नव्हतं.

दर रविवारी सकाळी गावच्या मैदानावर साप पाळणारे जमतात. कोणाच्या गळ्यात अजगर, कोणाच्या टोपीत हिरवा साप, आणि भोवती पोरांची गर्दी. तिथे पालुपीला जात्मिको भेटला. तो शेजारच्या अंबारावा गावात छापखान्यात कामाला होता, तिथेच खोली घेऊन राहायचा. हसरा, कोणतीही गोष्ट थट्टेवारी नेणारा माणूस. त्याच्याकडे क्लेपोनच्याच जातीचा, पण वयाने आणि अंगाने चांगला थोराड अजगर होता. केळीच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या जाड वळकटीला आमच्याकडे लेम्पर म्हणतात, तेच त्या अजगराचं नाव. लाडू आणि वळकटी! दोघांच्या मालकांचं लग्न ठरलं नसतं तरच नवल होतं.

आता मित्रांनो, इथून पुढे माझी दारं खडखडू लागतील.

आमच्याकडे लग्न ठरवताना जन्मवार जुळवतात. सात वारांच्या जोडीला बाजाराचे पाच वार असतात. वधूवरांचे दोन्ही वार घ्यायचे, त्यांचे आकडे मिळवायचे आणि कोणता योग निघतो ते बघायचं. हे काम इबूचा थोरला भाऊ वागियो करायचा. त्याला सगळे पाकदे म्हणत, म्हणजे थोरले मामा. तो आला, माझ्याच शेजारी चटईवर बसला, बोटांच्या पेरांवर हिशेब केला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"भांडणाचा योग आहे," पाकदे म्हणाला. "काडीमोड नाही होणार. पण रोजची कुरकुर. मीठ कमी का, उशीर का झाला, असलं."

"मग यात योग कसला, पाकदे? हे तर सगळ्यांच्याच घरी असतं," जात्मिको म्हणाला.

इबूने त्याच्याकडे असं बघितलं की तो चहाच्या पेल्यात बघू लागला. इबूचा चेहरा उतरला होता. एकुलती एक मुलगी, आणि तिच्या नशिबी कुरकुर! "काही उपाय असेल ना, दादा?" तिने विचारलं.

पाकदेने इकडे तिकडे बघितलं. त्याची नजर माझ्यावर पडली. आत क्लेपोन दगडावर पसरला होता. मग त्याने जात्मिकोच्या पायाशी ठेवलेल्या डब्याकडे बघितलं. त्या झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात लेम्पर होता. मैदानावरून येताना जात्मिको त्याला घेऊनच आला होता.

"यांचे अंड्यातून निघाल्याचे वार ठाऊक आहेत?"

ठाऊक होते. हे लोक सापांचे वाढदिवस करतात, मग वार कसे ठाऊक नसतील? पाकदेने पुन्हा पेरं मोजली आणि त्याचा चेहरा उजळला. "वा! अगदी सुखाचा योग! ना तंटा, ना बखेडा! असं करा, तुमच्या घरात यांना एका जागी ठेवा. यांचा सलोखा तुमच्या संसाराला लागेल. तुमची कुरकुर हे शोषून घेतील."

"पण पाकदे, तो नर आहे," जात्मिको म्हणाला.

"कोणता?"

"दोन्ही."

पाकदेने हात झटकला. "मग भावासारखे राहतील. भाऊ नाही राहत एका घरात?"

"पाकदे, हे कळपाने राहणारे प्राणी नाहीत हो," पालुपी म्हणाली. "मैदानावर सगळे हेच सांगतात, एका पेटीत एकच साप ठेवायचा. यांना सोबत लागत नाही."

"मैदानावरच्यांनी आजवर किती लग्नं जुळवली आहेत?" पाकदेने विचारलं.

लग्न तोंडावर आलेलं. पालुपीने जात्मिकोकडे बघितलं. तो म्हणाला, "थोडे दिवस ठेवून बघू गं. नाही पटलं तर काढू." आणि ती मान हलवून मोकळी झाली. मित्रांनो, पाकदेवर मी रागावले नाही, त्याला सापांतलं काही कळत नव्हतं. इबूवरही फारसं नाही. माझा सगळ्यात जास्त राग पालुपीवर होता, कारण तिला कळत होतं.

लग्न झालं. जात्मिको अंबारावाची खोली ठेवूनही इबूच्याच घरी राहायला आला, कारण इबूने तसं गळ घालून सांगितलं होतं. मला पुढच्या खोलीत आणलं. माझ्यासमोर लाल-पांढऱ्या खिरीच्या वाट्या मांडल्या, शेजारी बोलावले, प्रार्थना झाली, आणि लेम्परला माझ्या आत सोडलं. सगळे माना पुढे काढून बघत होते. क्लेपोन गोळा होऊन बसला. "लाजला!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

लाजला! तो भीतीने गोळा झाला होता. भितो तेव्हा तो तसाच होतो हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. नाव त्यावरूनच तर पडलं होतं. पण त्या दिवशी सगळ्यांना लाज दिसली.

सालातिगाची हवा गार. माझ्यात दिवा एक, दगड एक. दोघांनाही ऊब हवी, तेव्हा दोघंही त्याच दगडावर आले. लेम्पर वजनदार, तो वर पसरला. क्लेपोन खाली सापडला. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली आणि गालाला हात लावून म्हणाली, "अय्या, कशी मिठी मारून झोपलेत बघा!" झालं. गावभर बातमी पसरली. माणसं यायची, फोन काढायची, फोटो घ्यायची. नवी जोडपी तर मुद्दाम यायची. इबू त्यांना चहा द्यायची आणि अभिमानाने सांगायची, "माझी लेक आणि जावई पण असेच आहेत."

मी काच आहे. लोक माझ्यातून आरपार बघतात. माझ्या तळाशी कोणाचं किती ओझं कोणावर पडलंय ते मला कळत होतं, पण सांगू कशी? मिठीत दोघांना सुटायची मोकळीक असते ना? क्लेपोन खालून डोकं काढायचा, की लेम्पर सरकून पुन्हा त्यावर यायचा. क्लेपोन मडक्याकडे जायचा, तर लेम्पर आधीच तिथे शिरलेला असायचा. शेवटी क्लेपोन पाण्याच्या वाटीमागे, माझ्या सगळ्यात गार कोपऱ्यात, काचेला नाक लावून बसायचा. काचेवर नाक घासून घासून त्याच्या ओठावरचे खवले सोलवटले. मी दारं खडखडवली. "रस्त्यावरून ट्रक गेला वाटतं," इबू म्हणाली.

लेम्परलाही दोष देत नाही. त्यालाही ऊबच हवी होती. त्याने काही दुष्टपणा केला नाही, तो फक्त मोठा होता.

क्लेपोनने खाणं सोडलं. पालुपी प्रत्येकाला बाहेर काढून, वेगवेगळ्या टोपलीत ठेवून खायला द्यायची. लेम्पर गट्टम करायचा, क्लेपोन तोंड फिरवायचा. त्याच्या पाठीचा कणा वर दिसू लागला. कात उतरली ती तुकड्या-तुकड्यांनी, शेपटीला चिंध्या तशाच चिकटून राहिल्या. पालुपी कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने त्या सोडवत बसायची आणि तिचे डोळे भरून यायचे.

"मास, मी याला वेगळं काढते," एकदा ती नवऱ्याला म्हणाली. आमच्याकडे बायका नवऱ्याला मास म्हणतात. "लेम्परचा जुना डबा आहे ना पडवीत?"

"काढ की," जात्मिको म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता, पण कोणत्याही गोष्टीला 'काढ की' आणि 'ठेव की' या दोन शब्दांपलीकडे त्याचा जोर जात नसे.

पालुपीने क्लेपोनला डब्यात हलवलं. माझा जीव भांड्यात पडला. आणि नेमकं त्याच संध्याकाळी त्या दोघांचं मोटारसायकलच्या किल्लीवरून वाजलं. किल्ली कोणी कुठे ठेवली यावरून सुरू झालं आणि तुझी आई, माझी आई इथपर्यंत गेलं. लग्नानंतरचं त्यांचं हे पहिलं भांडण. इबू स्वयंपाकघरातून धावत आली, तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग डब्याकडे.

"बघितलंस? बघितलंस ना? एक दिवस नाही झाला वेगळं करून!"

"इबू, किल्ली त्याच्याच खिशात होती. याचा सापाशी काय संबंध?"

"संबंध काय म्हणून विचारतेस? दादाने सांगितलं होतं की नाही? ठेव त्याला परत. माझ्या डोळ्यांदेखत संसार मोडायचाय का तुला?"

मी आतून ओरडत होते, नको, नको, नको! पालुपी बराच वेळ डब्याचं झाकण धरून उभी राहिली. मग तिने क्लेपोनला उचललं आणि माझ्यात परत ठेवलं. त्याचं वजन किती उतरलंय हे मला त्याच क्षणी कळलं. वाळलेलं पान पडावं तसा तो पडला.

त्यानंतर घरात एक विचित्र शांतता आली. कोणी कोणाशी भांडेना. पालुपी आणि जात्मिको एकमेकांशी जपून, घरात पाहुणे असल्यासारखं बोलू लागले. जात्मिकोला रोज अंबारावाला जायला यायला त्रास व्हायचा, तिथली खोली रिकामी पडून होती, पण 'आपण तिकडे राहू या' हे बोलायची कोणाची छाती नव्हती. जेवताना तिघंही एकाच चटईवर बसायचे आणि तिघंही भराभर जेवून उठायचे. इबू म्हणे, "बघा, कसा सलोखा आहे." मला वाटे, बाई, तुझ्याच घरातली ही माणसं, तू त्यांच्याकडे तरी नीट बघ! साप तर बोलतच नाहीत, पण यांना तोंडं आहेत आणि तरी तीच गत.

मग शाळा सुरू व्हायचे दिवस आले. गणवेशांचं काम वाढलं, पालुपीला सुट्टीच्या दिवशीही दुकानात जावं लागलं. सापांच्या जेवणाचा दिवस होता. "मास, दोघांना वेगळं काढून दे हं," ती बजावून गेली. जात्मिको म्हणाला, "हो की." पण लेम्परला टोपलीत ठेवायला जावं तर तो टोपली पालथी घालून बाहेर. दोनदा तसं झाल्यावर जात्मिको कंटाळला. त्याने दोन उंदीर लांब चिमट्याने थेट माझ्यातच धरले, एक या टोकाला, एक त्या टोकाला.

लेम्परने आपला घेतला आणि गिळला. आणि काय झालं माहीत आहे? कित्येक दिवसांनी पहिल्यांदाच क्लेपोनने डोकं उचललं. जीभ बाहेर काढली. हळूहळू उंदराजवळ गेला, वास घेतला, त्याला नाक लावलं. खाणार होता तो! मला एवढा आनंद झाला की काचेवर वाफ धरली.

तेवढ्यात लेम्पर वळला. क्लेपोनच्या अंगाला उंदराचा वास लागला होता. लेम्परला त्या वासापलीकडे काही कळलं नाही. त्याने क्लेपोनची मान धरली आणि विळखा घातला.

जात्मिकोच्या हातून चिमटा पडला. "इबू! पाणी! गार पाणी आणा!" तो ओरडला. त्याची सगळी थट्टा कुठल्या कुठे गेली होती. इबू गुडघे दुखत असतानाही पळत आली. हातात तांब्या. समोर बघून ती थिजली.

"ओता त्याच्या तोंडावर! ओता ना!"

इबूने ओतलं. लेम्पर सुटेना. जात्मिकोने शेपटीकडून वेटोळं उलगडायला घेतलं, पण दुसरं टोक धरायला कोणी तरी हवं होतं. आणि मित्रांनो, जिने आयुष्यात कधी सापाला बोट लावलं नव्हतं ती म्हातारी माझ्यात दोन्ही हात घालून क्लेपोनचं अंग धरून बसली. रडत होती, पण तिने धरलं होतं. परत पाणी ओतलं, तेव्हा कुठे लेम्परचा जबडा सैल झाला. क्लेपोनच्या मानेवर बारीक बारीक रक्ताचे थेंब होते. आणि तो गोळाही झाला नाही. तेवढंही त्राण त्याच्यात नव्हतं.

पालुपी आली तेव्हा दोघंही मान खाली घालून बसले होते. लेम्पर डब्यात होता. तिने क्लेपोनची मान धुतली, औषध लावलं, त्याला माझ्यात कोरड्या कागदावर ठेवलं. मग ती आईसमोर बसली.

"इबू, आमचं भांडण व्हायचं असेल तर होऊ दे. रोज होऊ दे. ते मी निभावेन. पण आमच्या वाटचं यांच्यावर नको ढकलायला. हा मेला असता आज, आणि फोटो बघून लोक म्हणाले असते, किती प्रेम होतं."

दुसऱ्या दिवशी पाकदे आला. त्याला कोणीतरी कळवलं होतं. चटईवर बसता बसताच तो म्हणाला, "वेगळं केलं म्हणे? मी नवा मुहूर्त बघतो, परत एकदा..."

"दादा, चहा घे," इबू म्हणाली, "आणि आकडे खिशात ठेव. त्याला मी हातात धरलं होतं. नुसती हाडं लागली मला. आपल्या घरात तो उपाशी होता आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सलोखा म्हणून दाखवत होते." तिने पेला त्याच्यापुढे सरकवला. "भांडणाचा योग तर बहाणाच होता रे. यांची कुरकुर झाली तर हे दोघं निघून जातील अंबारावाला, ही भीती होती मला. मग या घरात मी कोणाला जेवायला वाढू?"

पाकदेने पेला उचलला. मला माझीच लाज वाटली. इतके दिवस मी तिला आंधळी म्हणत होते, आणि ती कशाला घाबरत होती ते काही मला तिच्याइतक्या जवळ असूनही दिसलं नव्हतं. माझा राग थोडा कमी झाला. सगळा नाही.

क्लेपोन लगेच बरा झाला नाही. तो मडक्यात जाऊन बसला आणि दिवसचे दिवस बाहेरच आला नाही. फोटो काढायला आलेल्यांना इबू दारातूनच परत पाठवू लागली. दुपारी कामं आटोपली की ती माझ्यासमोर पाट घेऊन बसायची. काही बोलायची नाही, काचेवर टकटक करायची नाही, नुसती बसायची. कधी कधी वर्तमानपत्राचा बोळा करून मला पुसायची.

एका दुपारी मडक्याच्या तोंडाशी जीभ दिसली. मग डोकं. मग क्लेपोन हळूहळू बाहेर आला, वाटीला वळसा घालून दगडापाशी गेला. थांबला. वर कोणी नव्हतं. तो दगडावर चढला आणि पसरू लागला. गोळा नाही, वेटोळं नाही. मान एका बाजूला, शेपूट दगडावरून खाली येऊन पार माझ्या दुसऱ्या काचेपर्यंत.

"अगं पालुपी!" इबू हाक मारू लागली. "ये गं लवकर! हा एवढा लांब आहे?"

पालुपी आली, तिच्या मागे जात्मिको आला. तिघंही बघत राहिले. इतके महिने घरात असलेला साप त्यांनी जणू आज पहिल्यांदा पाहिला. त्याच आठवड्यात क्लेपोनने उंदीर खाल्ला, आणि पालुपीने कामावरून येताना सगळ्यांसाठी तळलेली केळी आणली.

जेवताना इबूने विषय काढला. "अंबारावाची खोली झाडून घ्या. पावसाळ्याआधी जा. रविवारी मात्र जेवायला यायचं, आणि भांडत आलात तरी चालेल."

"आणि तू इथे एकटी?" पालुपीचा घास हातात राहिला.

"लाडवाला ठेवून जा."

"तुला भीती वाटते ना त्याची?"

"वाटते की. म्हणून तर जमेल," इबू म्हणाली. "तो त्याच्या पेटीत, मी माझ्या खाटेवर. मी त्याला हात लावणार नाही, तो मला त्रास देणार नाही. उंदीर द्यायला मात्र तूच ये."

आता लेम्पर अंबारावाला आहे. जात्मिकोने त्याला स्वतःचा दिवा, स्वतःचं मडकं असलेली ऐसपैस पेटी केली आहे आणि तोही सुखात आहे म्हणतात. पालुपी आणि जात्मिको भांडतात. रविवारी इथे येऊन भांडतात, मोठ्याने भांडतात, आणि मग एकाच ताटात जेवतात. इबू आतून ऐकते आणि आमटीत मीठ घालते. तरी अजून कोणीतरी शेजारीण येते, माझ्यात डोकावते आणि चुकचुकते, "बिचारा, एकटाच!" तेव्हा माझी दारं अशी खडखडतात की विचारू नका.

मित्रांनो, तुम्ही साप पाळाल की नाही मला माहीत नाही. पाळलात तर एका पेटीत एकच ठेवा, आणि जोडी लावायची हौस आवरा. त्यांना एकटं राहण्याचं दुःख नसतं, ते दुःख आपलं असतं, आणि ते त्यांच्या अंगावर टाकलं तर त्यांना सांगता येत नाही. मलाही सांगता आलं नव्हतं, म्हणून आज एवढी बडबड केली. कुठेही, कोणत्याही घरात, दोन जीव एकमेकांवर पडलेले दिसले की लगेच 'किती प्रेम!' म्हणू नका. आधी दिवे किती आहेत ते मोजा.